भपक्याला लावलेलं ज्वारीचं पीठ

सोलापुरात मी आजवर एकच भांडं बिघडवलं, आणि तेही नेमकं माझ्या मावसबहिणीला, शारदाला बघायला पाहुणे आले त्या दिवशी.

सातवीत शाळा सोडून मी रत्नागिरीहून मावशीकडे आलो होतो. (शाळेनं मला सोडलं, असं मावशीचे यजमान, म्हणजे काका म्हणत.) काकांनी गिरणीत चिकटवलं, मावशीनं पोटच्या शारदासारखं जेवू घातलं. त्या उपकारांच्या ओझ्यानं मी दुसरी भाकरीही मागत नसे. बहात्तरच्या दुष्काळातून घर नुकतं सावरत होतं. गव्हाच्या डब्याकडे तर मी बघतही नसे!

काकांना त्या वर्षी वेड लागलं भपक्याचं, म्हणजे गुलाबपाणी काढायच्या तांब्याच्या भांड्याचं. "वेल्डिंग नव्हतं तवा लोक जोड कसा देत असतील रं?" हे शोधायला त्यांनी मला बाबूराव तांबटांकडे धाडलं. बाबूराव ठोक्यांच्या आवाजानं बहिरे झालेले. मी ओरडायचो, "दारूची भट्टी नव्हे हो, गुलाबपाण्याचा भपका!" आणि अख्ख्या आळीला फक्त पहिला शब्द ऐकू जायचा.

बाबूरावांनी जुनी रीत सांगितली. पत्र्याच्या कडांना दाते पाडायचे, बोटांत बोटं घालावीत तसे गुंतवायचे, ठोकायचे, सांधा बुजवायला वर वितळलेल्या पितळेचा डाख, आतून कल्हई. काकांनी सगळं तसंच केलं आणि भांडं चक्क जमलं!

"झाकणाच्या फटीला कणीक लावा," बाबूरावांनी बजावलं. "गव्हाचीच. दुसरं काय चालायचं न्हाय."

पाहुणे अक्कलकोटकडचे. मुलाचे वडील अप्पा इतके कडक, की त्यांच्या घरात चहासुद्धा व्यसनात धरत. त्यांच्यावर घरचं गुलाबपाणी शिंपडायचं, हा काकांचा बेत. शारदाची दोन स्थळं आधीच मोडलेली. मावशी देवापुढून उठत नव्हती.

"कणीक मागून घे की मावशीकडनं," काका म्हणाले.

मी "हो" म्हणालो आणि मागितली नाही. पाहुण्यांच्या पोळ्यांनाच गहू पुरेना, त्यात मी कुठे हात पसरू? रात्री एक भाकरी कमी खायची असं ठरवून मी ज्वारीचं पीठ भिजवलं आणि झाकणाला थापलं. ज्वारीला चिकटपणा नसतो, हे भातखाऊ माणसाला कुठलं ठाऊक!

पाणी उकळलं. पीठ वाळलं, तडकलं, आणि परसात वाफेची शिट्टी सुरू झाली. मी पोतं घेऊन झाकणावर पालथा पडलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "अवो, भट्टी फुटली की तुमची!"

अप्पा बैठकीतून उठून थेट परसात आले. मागून काका, चेहरा कल्हई केल्यासारखा पांढरा.

"काय शिजतंय हितं?" अप्पांनी मला विचारलं.

"गु... गुलाबपाणी."

"आन् हे काय थापलंय?"

"ज्वारीचं पीठ."

"गहू न्हवता व्हय घरात?"

"होता. मागायची लाज वाटली."

अप्पांनी झाकणावरची भाजलेली खपली मोडली, हुंगली, तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"गुलाबाची भाकरी लई बरी लागती," अप्पा म्हणाले. "आन् ज्या घरात भाचा पिठाला इतका जपतो, तिथली पोरगी आमचा संसार बुडवायची न्हाय. साखरपुड्याचं बघा."

लग्नात गुलाबपाणी बाजारातून आणलं. माझ्या पानात मात्र मावशीनं पोळ्यांचा ढीग वाढला.

"खा. लाजू नगंस! तू लाजलास की झाकण उडतंय."

तेव्हापासून मी कुणाच्याही घरी तिसरी पोळी मागूनच घेतो. उगाच धोका कशाला?