चिमणीवरचा दिवा

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी तिथे नकाशे काढायचो. राहायचो किनाऱ्यावर, एका कोळ्याच्या घरात. माझ्या टेबलावर उंच चिमणीचा नकाशा होता. बुडाशी रुंद, वर निमुळती. साचा थोडाथोडा वर सरकवत काँक्रीट रात्रंदिवस ओतायचं, कारण मध्ये थांबलं की सांधा राहतो. माथ्यावर कामासाठी मोठा दिवा जळे. एवढ्या बांधकामात आपला हात आहे याचा मला भारी तोरा होता. घरमालक काकांना मीच म्हटलं होतं, आता समुद्रातून घर शोधायला नको, हा दिवा धरून या.

काका मासेमारीला जाऊन पाच दिवस झाले आणि संध्याकाळपासून धुकं उतरलं. रात्री काकांची वाट पाहत मी काकूंबरोबर किनाऱ्यावर उभा होतो. चिमणी दिसतच नव्हती, नुसते ताडांचे काळे शेंडे आणि त्यांच्यावर दिव्याचा पिवळा डाग दिसत होता. काकू मात्र निर्धास्त होत्या.

"यांची खूण हाय. दिवा ताडांवर बोटभर दिसला का होडी खाडीकडं वळवायची. त्याच्या आदी वळली तर खडक हाय," त्या बोट आडवं धरून म्हणाल्या.

काका गेले त्यानंतर चिमणी रोज वाढत होती आणि तिच्याबरोबर दिवाही वर जात होता. आता दिवा खूप आधी, खडक ओलांडण्यापूर्वीच, बोटभर दिसणार होता. हे कागदावर मांडणारा मीच, आणि काकांना सांगायचं मला सुचलंही नव्हतं.

काकूंना काही न सांगता मी कामावर पळालो. मुकादमाच्या हातापाया पडलो, दिवा विझवा, तो दिसला नाही तर होडी थांबेल, म्हटलं. त्याने विचारलं, "वर माणसं आहेत, त्यांचं काय?" शेवटी त्याने काम थांबवलं, माणसांना जागच्या जागी बसवलं आणि दिवा घालवला. मी पायथ्याशी बसून राहिलो. वरून कोणी पडलं तर तेही माझ्याच माथी येणार होतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

उजाडल्यावर वरची माणसं सुखरूप उतरली. थोड्या वेळाने होडी आली. काका म्हणाले, खूण गेली म्हणून नांगर टाकला, सकाळी पाहतो तर खडक पुढ्यात. मी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत.

पुढे दर फेरीआधी ते मला विचारत, "परत येईपर्यंत किती वाढंल?" मी हिशोब करून सांगायचो, आणि होडी परत येईपर्यंत मला झोप लागत नसे.