विहीर कुणाच्या नावावर

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात, मी नुकतीच विधवा झाले तेव्हा, चुलत दिरांनी कोडोलीच्या मळ्यातली अख्खी विहीर आपली असल्याचं सांगितलं. आम्हीही अख्खी आमचीच म्हणत होतो. जुनं दप्तर कोल्हापूरच्या कचेरीत असतं, एवढंच ठाऊक होतं. सासूबाईंना घेऊन बैलगाडीनं गेले.

कारकुनानं कापडात बांधलेले मोडी कागदांचे तीन रुमाल सोडले. तिसऱ्यात नोंद सापडली.

"बाई, विहीर दोन्ही घरांची निम्मी-निम्मी आहे," तो म्हणाला.

सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "म्हंजे दोघंबी खोटं बोलत हुतो की!"

मला वाईट वाटलं, पण नक्कल मागून घेतली. घरी येऊन गावातल्या एका जाणत्याला ती दिरांना वाचून दाखवायला लावली. मोटेची पाळी ठरली: सकाळी आमची, दुपारनंतर त्यांची.