कोरं ठेवलेलं तिकीट

मंजुळाचं तिकीट लिहायला मी विसरलो, असं मी पाच वर्षं सांगत राहिलो. ते खोटं होतं. माझ्यासमोर एकवीस तिकिटं होती. विसांवर मी नावं लिहिली आणि एकविसावं कोरंच माझ्या मुलाच्या, दिलीपच्या अंकलिपीत सरकवून दिलं. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण ज्या माणसाविषयी लिहायला बसलो आहे त्याला आडवळणाचं बोलणं खपत नसे. मी जरा पाल्हाळ लावला की उखानाना हात वर करायचे. "पहिले तिकीट दखाड, मंग गोठ सांग."

उखानाना रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट कलेक्टर. नंदुरबारात आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहत. उंच, वाळकी अंगकाठी, विडीने पिवळी पडलेली मिशी, आणि निवृत्तीनंतरही बाजारात जाताना अंगात तो काळा कोट. त्यांच्या रागाला वेळकाळ नव्हता. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यावर राग, सायकलची घंटी न वाजवणाऱ्या पोरावर राग, 'आलोच' म्हणून तासाने येणाऱ्या माझ्यासारख्यावर तर फारच राग. नोकरीत असताना त्यांचा सख्खा मेहुणा एकदा विनातिकीट आला. नानांनी त्याला सगळ्या उतारूंदेखत फाटकावर अडवलं, दंड भरायला लावला, आणि मग घरी नेऊन पुरणपोळी खाऊ घातली. मेहुणा जेवता जेवता म्हणाला, "दाजी, माले वयखं नही का?" नाना त्याच्या पानात तूप वाढत म्हणाले, "गेटवर मी तोंड दखत नही. हात दखस."

हे वाक्य आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. पोरं नानांची नक्कल करताना तेच म्हणायची.

नानांची सून काशी ही माझ्या गावची, कोरीटची. म्हणजे माझी गावची बहीण. तिची मुलगी मंजुळा मला मामा म्हणायची. सहा वर्षांची असेल. मी कचेरीतून येताना दिसलो की गल्लीच्या टोकापासून ओरडत यायची, "ओ मामा, काय लयनात?" मी कधी फुटाणे आणायचो, कधी नाही. नाही आणले तर माझ्या पिशवीत स्वतः हात घालून खात्री करून घ्यायची. या पोरीचा मला लळा होता. हे मी माझी बाजू सावरायला लिहीत नाही. लळा नसता तर माझा गुन्हा थोडा हलका झाला असता.

गोष्ट बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमचे साहेब देशावरून बदलून आलेले, शुद्ध बोलणारे. त्यांच्यासमोर मी जिभेला चिमटा लावून बोलायचो. घरी आई असती तर तिच्याशी 'आहे'ला आमच्या बोलीतलं 'शे' म्हटलं असतं, कचेरीत मात्र चुकूनही नाही. कोरीटचा कुणी माणूस कामाला येऊन "रामाभाऊ, कसा शेस?" म्हणाला, तर मी त्याला हाताला धरून व्हरांड्यात न्यायचो आणि तिथे उत्तर द्यायचो.

त्या वर्षी दिलीपला पाच वर्षं पूर्ण होत होती. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे पाटावर बसवायचं, ओवाळायचं, शिरा करायचा, संपलं. पण मी कामानिमित्त सुरतेला गेलो होतो तेव्हा एका अधिकाऱ्याच्या घरी मुलाचा वाढदिवस पाहिला होता. सगळ्या घराची बाग केलेली, मुलांच्या डोक्यावर कागदी फुलांच्या टोप्या, खाऊसुद्धा पानाफुलांच्या आकाराचा. मला ते फार भारी वाटलं. आपणही एक काहीतरी धरून सगळं त्यातलंच करायचं, साहेबांच्या मुलांना बोलवायचं, असं मी ठरवलं. दिलीपला विचारलं तर तो म्हणाला, "आगगाडी."

आगगाडी म्हटल्यावर नानांकडे जाणं आलंच. ते ओट्यावर विडी ओढत होते. मी सांगितलं तसे भडकलेच.

"पोरना वाढदिवस शे का मेळा?"

"नाना, मुलांची गंमत."

"गाडी गंमत नही. कोन कोन इस्टेशन लेशी?"

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. नानांनी विडी विझवली. "मंग ठराव ना. निसता उठना नि गाडी सोडाले निंघना."

दुसऱ्या दिवसापासून तो वाढदिवस माझा राहिला नाही. आमच्या अंगणात चार खाटा एकामागे एक लावून डबे करायचे, पुढे डांबराच्या रिकाम्या पिंपाचं इंजिन, हे नानांनी ठरवलं. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, सुरत ही चार स्टेशनं. प्रत्येक स्टेशनावर एक खाऊ. दोंडाईचाला मिरचीची भजी, पण मुलांसाठी मिरची नावापुरती. नंदुरबारला केळी, नवापूरला भाजलेल्या शेंगा, आणि सुरतला तिथली खव्याची घारी. माझी बायको सुमन म्हणाली, "नाना, आधी ओवाळायचं, मग गाडी." नाना म्हणाले, "पाचले गाडी सुटी. ओवाळनं पावनेपाचले आटपी ले." सुमनने हसून मान डोलावली. मला कुणी विचारलंच नाही.

मी एकदा म्हटलं, तिकिटं कशाला, मुलं बसतील तशीच. नाना माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ओशाळलो. "तिकीट नही त् ती गाडी कसानी? खाटा शेतस मंग त्या."

तिकिटं त्यांनी स्वतः केली. जाड पुठ्ठ्याचे एकसारखे एकवीस तुकडे कापले, प्रत्येकावर निळ्या शाईने 'दोंडाईचा ते सुरत' लिहिलं, खाली नावासाठी रेघ आखली. घरात ठेवलेला जुना पंच काढून तेल दिलं. माझ्या हातात गठ्ठा देताना म्हणाले, "नावं तू लिख. तुन्हं अक्षर कचेरीनं शे." एकवीस का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून मुलं मोजली होती. विसावं साहेबांच्या धाकट्याचं होतं आणि एकविसावं मंजुळाचं.

मी नावं लिहायला बसलो तेव्हा साहेबांचे दोन मुलगे, जिनिंगवाल्याची मुलगी, डॉक्टरांची जुळी अशी नावं भराभर लिहिली. मंजुळावर आलो आणि हात थांबला. सुमनने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तिच्या हाताला खरूज आहे. साहेबांच्या मुलांना लागली तर?" खरूज दिवाळीतच बरी झाली होती. सुमनला ते माहीत होतं. ती म्हणाली, "नानांना काय सांगाल?" मी म्हटलं, "त्यांना कळेल." ती उठून आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

खरं कारण खरूज नव्हती. मला डोळ्यांपुढे दिसत होतं की साहेबांची मुलं खाटेवर बसली आहेत आणि ही पोर सगळ्यांदेखत ओरडते आहे, "ओ मामा, माले घारी द्या ना." मग साहेबांच्या मुलांनी घरी जाऊन सांगितलं असतं की रामरावांची भाची तशी बोलते. म्हणजे रामरावही तसेच. बस, इतकंच होतं. एवढ्यासाठी मी एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव कापलं. आज हे लिहिताना स्वतःचा हात मनगटापासून झटकून टाकावा असा राग येतो.

वाढदिवसाच्या दिवशी साडेचारलाच नाना आमच्या फाटकावर उभे. काळा कोट, हातात पंच. मुलं येऊ लागली. नाना कुणाशी हसले नाहीत, कुणाचे गाल ओढले नाहीत. तिकीट घ्यायचं, टक्क करून भोक पाडायचं, "डबा दुसरा, पुढे चाला." मुलांना तो रुबाब इतका आवडला की दोघातिघांनी बाहेर जाऊन पुन्हा यायचा प्रयत्न केला. नाना म्हणाले, "एकदाव पंच व्हयनं म्हंजे सरनं."

मग मंजुळा आली. तेल लावून घट्ट वेणी, नवा पिवळा झगा, रुमालात बांधलेल्या काचेच्या गोट्या. दिलीपसाठी. ती नानांच्या बाजूने सरळ आत निघाली. नानांनी हात आडवा केला.

"तिकीट?"

"आबा, ते त् मामाजोडे शे."

नाना माझ्याकडे वळले. मी ओसरीच्या पायरीवर उभा होतो. "रामराव, हाई पोरनं तिकीट?"

अंगणात आलेली मुलं होती, डॉक्टरांची बायको होती. मी स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "बघतो हं नाना. यादी आत आहे." आणि आत गेलो. आत जाऊन मी पाण्याच्या माठाजवळ उभा राहिलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही. यादी माझ्या खिशात होती.

खिडकीतून ऐकू येत होतं. नाना थांबले, बराच वेळ थांबले. त्यांना वाटत असणार की मी तिकीट घेऊन येतो आहे. मग त्यांचा आवाज आला. "घर जाय बेटा. आज तुन्ही गाडी नही."

"मंग सकाय शे का?" ती उद्याचं विचारत होती.

फाटक लावून घेतल्याचा आवाज आला.

मी बाहेर आलो तेव्हा ती गेली होती. गोट्यांची पुरचुंडी फाटकाच्या खांबावर ठेवलेली होती. तेवढ्यात साहेबांचा शिपाई दोन्ही मुलांना घेऊन आला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. नानांनी हात पुढे केला. शिपाई म्हणाला, तिकिटं बंगल्यावरच राहिली.

"तिकीट नही त् जागा नही," नाना म्हणाले.

मी धावत गेलो. "नाना, सोडा त्यांना. साहेबांची मुलं आहेत. यादीत नावं आहेत त्यांची."

"मन्ही नात आतेच गयी. तिन्हाजोडे नव्हतं. मी तिले धाडी दिधी."

"ती गोष्ट वेगळी आहे."

"काय येगळं शे? सांग माले."

 साहेबांचा मोठा मुलगा आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. नानांनी पंच कोटाच्या खिशात टाकला, कोट काढून हातावर घेतला आणि फाटक उघडून धरलं. "मंग हाई गेट तूच धर." मोठ्याने बोलणारा माणूस, पण हे अगदी हळू म्हणाला. आणि गेला.

वाढदिवस पार पडला. शिट्टी मीच वाजवली. साहेबांच्या धाकट्याने इंजिनाला लाथ मारून ते पाडलं. दिलीप नवापूर यायच्या आधीच "नाना कुठे गेले?" म्हणून रडायला लागला. साहेब आलेच नाहीत, आणि त्यांच्या मुलांनी घरी काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घारीचा डबा घेऊन नानांकडे गेलो. म्हटलं, घाईत नाव राहून गेलं. नाना ओट्यावरून उठले नाहीत.

"भुलनास?"

"हो नाना."

"वीस लोके याद ऱ्हायनात, आनि गावनी बहीनन्ही पोर भुलनास?" त्यांच्या मानेची शीर फुगली होती. "भुलेल व्हतास त् मी कालच माफ करतू. मानूस भुलस. पन तू भुलेल नही. तू माले गेटवर उभं करीसन, मन्हाच हातघाई तिले धाडं."

ते खरं होतं. मी माझं घाणेरडं काम त्यांच्या प्रामाणिकपणाकडून करून घेतलं होतं. त्यांनी आयुष्यभर जो नियम जपला तोच मी त्यांच्या नातीवर चालवला. डबा मी परत घेऊन आलो.

त्यानंतर नाना माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यात समोरून आलो तर ते दुसऱ्या बाजूला जात. सुमनशी बोलत, दिलीपला हाक मारत, मी दिसलो की थांबत. मंजुळा माझ्या पिशवीत हात घालायला आली नाही. एका आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, काशी माहेरी कोरीटला आलेली असताना झोक्यापाशी भेटली. माझ्या पाया पडली, कारण पडायची रीत होती, आणि म्हणाली, "रामाभाऊ, पोर आजून इचारस, मामानी माले काब्र नही बलावं. काय सांगू तिले?" मी तिलाही तेच सांगितलं. विसरलो म्हणून सांग.

विसरलो, हे सांगायला सोपं असतं. समोरच्यालाही ते मानणं सोपं जातं. नानांनी मात्र ते एकदाही मानलं नाही, आणि आज मला वाटतं की त्या माणसाने माझ्यावर केलेला हाच सगळ्यात मोठा उपकार होता. ते माझ्यावर रागावलेले राहिले. त्यांनी सोडून दिलं असतं तर मीही सोडून दिलं असतं, आणि एव्हाना खरोखरच विसरलो असतो असं मला वाटू लागलं असतं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण ते असतानाच, पाच वर्षांनी, एका उन्हाळ्याच्या दुपारी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्या आठवड्यात माझी बदली नवापूरला झाली होती. हे असंच ठेवून गाव सोडणं मला जमेना. नाना खाटेचा सुंभ आवळत बसले होते. मंजुळा आतल्या दारात गहू पाखडत होती. अकरा वर्षांची, लांब झालेली, मला पाहून तिने पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला आणि नजर सुपात घातली.

मी म्हटलं, "नाना, मी विसरलो नव्हतो."

सुंभ ओढायचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. "माले काय सांगस? गाडीम्हा बठाले मी वाट देखी नव्हतू ऱ्हायनू." त्यांनी दाराकडे बोट केलं. "तिले सांग."

मी दारापाशी गेलो आणि जमिनीवर बसलो. रस्त्यावरून कचेरीतला एक जण जात होता, त्याने मला पाहिलं. मी आवाज खाली आणला नाही.

"मंजू, तुन्हं तिकीट मी भुलनू नही. मी जानीबुजी लिखं नही. साहेबना पोऱ्यासमोर तू माले मामा म्हनशी, आपली बोलीम्हा बोलशी, म्हनीसन माले लाज वाटनी. तुन्हं काहीच चुकेल नव्हतं. आबानंबी नही. मन्हं चुकनं, बेटा. माले माफ कर."