मामा ज्या घोड्यापुढे उभे राहतात

मी आज जो कोणी आहे तो माझ्या रूमपार्टनरच्या मामांमुळे आहे, आणि साऱ्या पुणे शहरात मला सर्वांत जास्त हेवा वाटतो तोही त्यांचाच. मामांचा व्यवसाय श्रीमंत लोकांना शर्यतीचे घोडे निवडून देण्याचा. दीड-दोन वर्षांचं शिंगरू, पाठीवर अजून कोणी बसलेलं नाही, ते उद्या धावेल की नुसतं खाईल, हे आज सांगायचं. मामा कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षात अडकले ते अडकलेच. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहतात, जुन्या स्कूटरवरून फिरतात, जन्मात कधी घोड्यावर बसले नाहीत आणि शर्यतीवर एक रुपया लावला नाही. मी मात्र आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही जनावरांचा डॉक्टर. वडिलांनी माझी पदवी तालुक्याला नेऊन काच बसवून आणली. त्या काचेकडे बघून घोडा कळत नाही, हे मामांनी मला पहिल्याच महिन्यात कळवलं, आणि तरीही हाताशी धरून सहा वर्षं शिकवलं.

मामा घोडा खालून वर बघतात. आधी खूर, मग गुडघे, मग खांदा; तोंड सर्वांत शेवटी, तेही राहून गेलं तरी चालतं. ‘तोंड बघून लग्न करावं, घोडा घेऊ नये,’ असं ते म्हणतात. मामी घरात असल्या तर हळू म्हणतात. मऊ मातीवर शिंगराला चालवून, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या किती पुढे पडला, ते वितीने मोजतात. लक्ष्मी रस्त्यावर चालतानाही त्यांना माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात. माझ्या रूमपार्टनरच्या, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या वरातीत सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि मामा घोडीकडे. धायरीच्या भर रस्त्यात त्यांनी बँड थांबवला.

‘अहो नवरदेव, उतरा खाली. तिचा मागचा उजवा पाय दुखतोय.’

‘मामा, मुहूर्त टळेल!’

‘मुहूर्त तुझा आहे. तिचा नाही.’

नवरदेव फेटा सांभाळत कार्यालयापर्यंत चालत गेला. मी पाय उचलून पाहिला, तर नाल आणि खूर यांच्यामध्ये खडा रुतला होता. त्या वरातीत जनावरांचा डॉक्टर मी एकटाच होतो, आणि अर्धा तास त्याच घोडीच्या पुढे नाचत होतो.

गिऱ्हाइकांशी मामा जसे बोलतात, तसा मी बोललो असतो तर उपाशी मेलो असतो. हिंजवडीतल्या एका कंपनीचे मालक त्यांना म्हणाले, ‘मला जिंकणाराच घोडा हवा.’ मामा म्हणाले, ‘जिंकणारा कळला असता, तर तुम्हाला कशाला दिला असता?’ मालक खो खो हसले आणि दोन घोडे घ्यायला सांगून गेले. मी प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’ म्हणतो, सगळे तपशील पाठ करून सांगतो, आणि ऐकून घेतल्यावर लोक विचारतात, ‘बरं, मामा काय म्हणाले?’

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी गुपचूप स्वतःचं एक गिऱ्हाईक धरलं. टाइल्सचे व्यापारी, पहिल्यांदाच घोडा घेणार. ‘डॉक्टर, तुम्ही बोट दाखवाल तो,’ म्हणाले. आमच्या धंद्यात पहिल्या घोड्यावर माणसाचं नाव ठरतं. तो फसला तर पुन्हा फोन येत नाही. लिलावाच्या सकाळी मी मामांच्या वीस पावलं मागे राहून फिरलो. एका तांबूस शिंगरापुढे ते चांगली पंचवीस मिनिटं उभे राहिले. वाकले, टोपी काढली, स्वतःशीच मान डोलावली. ते पुढे गेल्यावर मी पाहिलं. पुढचे गुडघे किंचित मागे झुकलेले होते. असा गुडघा भरधाव धावण्यात टिकत नाही, हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. पण मामा उभे राहिले होते! मी शेठना सांगितलं, ‘हाच.’ आणखी दोन एजंट बोली चढवत राहिले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. मामांनी बोली लावलीच नाही. शेठच्या पैशापुढे ते मागे हटले असं वाटून मी मनात हसलो, हेही लिहून ठेवतो.

सराव सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात शिंगरू लंगडलं. मी मामांकडे जाऊन सगळं ओकून टाकलं.

‘गुडघा दिसला नव्हता तुला?’

‘दिसला होता.’

‘मग?’

‘तुम्ही उभे होतात.’

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अरे, मला जो नको असतो, त्याच्याच पुढे मी उभा राहतो. बाकीचे एजंट माझ्या मागावर असतात ना. हवा असतो त्याच्यापुढून सरळ निघून जातो.’ मग म्हणाले, ‘तू मागे आहेस हे माहीत असतं, तर नसतो उभा राहिलो.’

एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. आठवडाभराने मी त्यांना पत्र टाकलं. ते असं:

‘तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. समोर बोलता आलं नाही म्हणून लिहितो. शेठना मी खरं सांगितलं, की गुडघा मला दिसला होता आणि मी बोललो नाही. ते म्हणाले, आता त्याचं काय करायचं ते तरी नीट सांगा. लंगडणं थांबल्यावर घोड्याला मुलांच्या रायडिंग क्लासला दिलं. तिथे तो मुलांना घेऊन हळूहळू चालतो. शेठ पुन्हा फोन करतील असं वाटत नाही.

घोडा समोर असताना मी तुमच्याकडेच बघत राहिलो. तुमचा हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? पण काल एकटाच घोड्यांच्या फार्मवर जाऊन शिंगरं पाहून आलो. कडेच्या तबेल्यातलं काळं शिंगरू मला आवडलं आहे. पुढच्या वेळी आपण ते पाहावं. मी चुकलो असेन तर तिथेच उभं राहून मला हवं तितकं बोलावं. बरोबर असेन तर काही न बोलता पुढे निघून जावं. मला कळेल.’