श्रीखंडाच्या डब्याने भर हॉलमध्ये माझी शोभा केली

काल दोह्यातल्या अल थुमामाला, आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये, वीस-बावीस लोकांसमोर श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्याने माझी शोभा केली. तीही माझ्याच मुलीच्या आवाजात...

त्याचं असं झालं, इथल्या आमच्या मराठी घरांतल्या मुलांना समुद्रातल्या प्लॅस्टिकबद्दल शिकवायची हौस मला आली. मी पडलो इंजिनियर, त्रेचाळीस स्लाइड्स केल्या! दोन शुक्रवार मुलं स्लाइड्स सोडून सगळीकडे बघत होती. एक जण तर चक्क घोरला.

"अजून एक शुक्रवार बघू, नाहीतर खलास," असं बाकीच्या पालकांनी गोड शब्दांत सांगितलं. मला खरंच वाईट वाटलं. शेवटी बायको म्हणाली, "त्यांना फोन काढू दे आणि तू जरा गप्प बस."

मग तिथल्या तिथे, मुलं घरी जायच्या आधीच ठरलं... प्रत्येकाने घरातली प्लॅस्टिकची एक वस्तू निवडायची आणि ती समुद्रापर्यंत कशी पोचते, याची दोन मिनिटांची फिल्म करायची. गोष्ट त्या वस्तूनेच सांगायची.

सईने, म्हणजे माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने, नाशिकहून आलेला श्रीखंडाचा डबा निवडला. घरी माझ्या प्रत्येक वाक्याला 'ओके बाबा' एवढंच म्हणणारी ही मुलगी... पण काल हॉलमधल्या पडद्यावर डबा थेट माझ्या आईच्या सुरात, मराठीत कुरकुरत होता.

"अकरा वर्षं झाली मला दोह्यात येऊन. आधी श्रीखंड, मग मेथी, आता बाबांचे स्क्रू. दोनदा कचऱ्यात पोचलो होतो, बाबांनी हात घालून बाहेर काढलं. समुद्र काही माझ्या नशिबात नाही!"

सगळे हसले, कारण असे डबे कोणाकडे नाहीत? मी तर कौतुकच चाललंय समजून ऐटीत बसलो होतो.

तेवढ्यात चित्र बदललं. हाच हॉल, गेल्या शुक्रवारी, माझा क्लास सुटल्यावर... टेबलावर, खुर्च्यांखाली, खिडकीत पाण्याच्या अर्धवट प्यायलेल्या छोट्या बाटल्या. पोरांना तहान लागेल म्हणून मीच दोन खोके उचलून आणले होते.

डबा म्हणाला, "ह्यांचं बघा. एक घोट झाला की निघाल्या समुद्राला. बाबांच्या क्लासला आलं की लगेच नंबर लागतो वाटतं!"

हॉलभर नुसता हशा. माझे कान गरम झाले. हातातली बाटली हळूच खुर्चीखाली सरकवली, तर तेही कोणीतरी शूट केलं.

आणि मग तो घोरणारा मुलगा उठून म्हणाला, "अंकल, बट व्हेअर डू दे ॲक्चुअली गो?" तीन आठवड्यांतला पहिला प्रश्न! पुढे तासभर मुलं आपसात भांडत होती, कचरा, वारा, किनारा, मासे... पुढची फिल्म वेस्ट बे भागातल्या माझ्या ऑफिसच्या चहापाण्याच्या पँट्रीवर करायची, हेही त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. 'खलास' कोणीच म्हणालं नाही.

सकाळपासून सईवर रागवायचा प्रयत्न करतोय, जमत नाहीये. मुलांना बोलतं करायला बापाची लाज काढावी लागत असेल, तर पोरी, खुशाल काढ.