दम लागत न्हाई म्हणणारा माणूस

लातूरच्या छातीच्या दवाखान्यात डॉक्टरांआधी पेशंट सिंधु सिस्टरसमोर बसायचे. किती दम लागतो ते विचारून शून्य ते चारपैकी एक आकडा कागदावर टाकायचा, हे तिचं काम.

महादेवप्पा आला दोन हजार पाचच्या जूनमध्ये. शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं शहरात लोटत होती. भूकंपात त्याचं घर गेलं होतं. पुढं सात वर्षं त्यानं खडी केंद्रावर धूळ खाल्ली, अन् आता तो पोरांच्या मेसमध्ये स्वैपाकी होता.

"मामा, चालताना दम लागतो?"

"न्हाई."

"जिना चढताना?"

"न्हाई ना बाई. खोकला तेवढा हाय."

तिनं शून्य लिहिलं. खोकल्याचं औषध घेऊन तो गेला. पण गावाचं नाव सांगताना तो मधेच थांबला होता, ते तिच्या मनातून जाईना. दुपारचा डबा तसाच राहिला. ड्यूटी संपताच कागदावरचा पत्ता घेऊन ती मेस शोधत निघाली.

महादेवप्पा बसून कांदे चिरत होता. कणकेची परात दुसऱ्याच कुणी उचलून आणली.

"तुमची खोली कुठंय मामा?"

"वर, गच्चीवर. पण मी हितंच निजतो, पोत्याला टेकून. दिवाळीपासून." तो श्वासासाठी थांबला. "चढतच न्हाई, तर दम कशाचा लागंल?"

माणूस खोटं बोललाच नव्हता.

तिनं त्याला फाटकापर्यंत चालायला लावलं. पंधरा पावलांत तो भिंत धरून उभा राहिला, ओठ निळसर पडले. रिक्षात घालून तिनं त्याला दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन लागला, आणि शून्य खोडून तिनं चार लिहिला. नऊ दिवसांनी तो तोंडात मारायचा औषधाचा पंप घेऊन चालत बाहेर पडला. फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नव्हती, पण आता अंगणात फेऱ्या मारता येत होत्या.

सिंधुला मात्र चैन पडेना. वर्षभरातले शून्याचे कागद काढून ती दर रविवारी घरोघर जाऊ लागली. आता ती एवढंच विचारायची, "अलीकडं काय काय करायचं सोडलंत?" कुणी शेतात जाणं सोडलं होतं, कुणी स्वतःच्या हातानं आंघोळ. अकरा जणांचे आकडे बदलले.

रेणापूरच्या एका घरी ती पोचली तेव्हा अंगणात कागदावरच्याच माणसाच्या तेराव्याची पंगत बसली होती. "कोण पाव्हणं?" आतून एका बाईनं विचारलं. सिंधुनं शून्याचा कागद पिशवीत सरकवला अन् चपला काढल्या.