देखरेखीचे घट्टे

मावशी वेताच्या खुर्च्या विणते. फाटकी बैठक कापून काढायची, वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालायच्या आणि चौकटीच्या भोकाभोकांतून ओढत नवी जाळी उभी करायची. पस्तीस वर्षं हेच. गल्लीत तिला सगळे मावशी म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला साहेब, कारण विणून झालेल्या प्रत्येक खुर्चीत बसून बघणं हे त्यांचं काम. बसले की तासभर उठत नाहीत.

"अहो, झाली का तपासणी?"

"घाई नको. बैठक मुरायला वेळ लागतो."

"बैठक मुरतेय की तुम्ही?"

हल्ली मात्र मावशीच्या हातून पट्ट्या तुटायला लागल्या होत्या. पट्टी किती ताणायची हे डोळ्यांना नाही, तळव्याला कळतं, आणि तिचा तळवाच मुका झाला होता. मुंग्या यायच्या. वर बारीक बारीक टणक गाठी, हात फिरवला तर किसणीच. "कष्टाचे घट्टे आहेत," असं ती ऐटीत सांगायची आणि तुटक्या पट्ट्या पोत्याखाली दडपायची. विणता आलं नाही तर आपण कोण, हे तिने अजून मोठ्याने विचारलं नव्हतं.

एका सकाळी दवाखान्यातली नर्सताई दोन खुर्च्या घ्यायला आली. मावशीने आधी पंपावरून तांब्या भरून आणला. मागच्या अंगणातला हातपंप तिने सतरा वर्षांपूर्वी स्वतःच्या कमाईतून बसवलेला. पाणी असं गार, की पाहुणे दुसरा पेला मागायचे.

नर्सताईने पेला घेता घेता मनगटच धरलं. "मावशी, हे काय?"

"घट्टे गं. कामाचे."

"तिचंच काय कौतुक!" खुर्चीतून साहेब म्हणाले आणि दोन्ही तळवे पुढे केले. "हे बघा. मीही काही बसून खात नाही म्हटलं."

तशाच गाठी. जशाच्या तशा.

"काका, तुम्ही काय काम करता?"

"देखरेख."

"इकडची काडी तिकडे करत नाहीत!" मावशी फिसकन हसली. नर्सताई हसली नाही. पेला तिने न पिता खाली ठेवला.

"देखरेखीने घट्टे पडत नाहीत, काका. तळपाय दाखवा बघू. छातीवर डाग आहेत का?"

होते. दोघांनाही. धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे, काळपट.

"कुठलं पाणी पिता?"

"हेच की. आणि मी उकळून देते हो!"

"पाण्यात विष असेल तर ते उकळून जात नाही, मावशी. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं."

नर्सताई बाटली भरून घेऊन गेली. आठवड्याने कागद घेऊन आली. पाण्यात आर्सेनिक होतं. जमिनीतूनच येतं, रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी कातडीवर दिसतं, मग नसांना धरतं आणि पुढे कर्करोगापर्यंतही नेऊ शकतं. दोघांचीही आतून तपासणी झाली. आत काही सापडलं नाही, पण दर वर्षी यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

मावशीने एकच विचारलं, "माझे हात परत येतील?"

"पाणी आज बदला. वाढायचं थांबेल. गाठी मलमाने मऊ होतील, सगळ्या जातीलच असं नाही. बधिरपणा हळूहळू कमी होऊ शकतो. शब्द देत नाही."

मावशी उठली, दारांसाठी आणलेला लाल रंग घेतला आणि पंपाच्या दांड्याला फासला. शेजारीण ओरडली, "अगं, एवढं गोड पाणी!"

"गोड बोलून गळा कापत होतं गं मेलं! तूही हात दाखव आधी. आणि यापुढे या पाण्याने फक्त लादी पुसायची."

आता प्यायचं पाणी शाळेमागच्या खोल बोअरवरून आणायचं. ते तपासलेलं होतं. पण आणणार कोण? मावशीने नुसतं खुर्चीकडे पाहिलं.

"अगं, माझी तपासणी..."

"खुर्च्या कुठे पळून जात नाहीत."

साहेब रोज दोन कॅन उचलू लागले. पहिल्या दिवशी तीनदा बसले, तेही दगडावर. गल्ली दारात उभी राहून टाळ्या वाजवायची. हळूहळू टाळ्यांऐवजी रिकामे कॅन घेऊन माणसं त्यांच्या मागे चालू लागली. साहेब रांगेवर देखरेख करू लागले.

दहा महिने झाले. पोत्याखालची पट्ट्यांची रास वाढेनाशी झाली होती, पण मावशी कुणाला काही बोलली नव्हती. बोललं आणि दृष्ट लागली तर?

एके दिवशी साहेब कॅन ठेवून धापा टाकत आले. "बघ, हात कसा झालाय."

तिने तो नुसता पाहिला नाही. डोळे मिटून त्यावर तळवा फिरवला. बोटांच्या मुळाशी, कॅनची कडी रुतते तिथे, एक नवा उंचवटा होता. गुळगुळीत, कोमट. तिचा तळवा तिथेच थांबला.

"अहो," ती म्हणाली, "हा मला लागतोय."

"दुखतंय?"

"नाही हो. कळतोय! हाताला कळतोय!" तिने घाईने भिजलेली पट्टी उचलली, ताणली, आणखी ताणली, आणि बरोबर तुटायच्या आधी थांबली.

साहेबांनी सवयीने खुर्ची ओढली. मग मधेच थबकले.

"बसा हो," मावशी म्हणाली, "आज बसा. हा घट्टा खरा आहे."